कुलवृत्तांतात सांवेर रोड नाही

मराठी माणसाच्या घरात दोन पैसे साठले आणि मुले समुद्रापार गेली, की त्याला कुलवृत्तांत छापावासा वाटू लागतो. आमच्या घराण्यालाही वाटला आहे. चुलतभावांची एक समिती नेमली गेली, तिच्यातल्या पुण्याच्या दोघांनी जुने रुमाल सोडून मोडी कागद वाचवून घेतले, आणि गेल्या श्रावणात १४० पानांचा मसुदा सगळ्या शाखांकडे ‘सूचना व दुरुस्त्यांसाठी’ येऊन पडला. तो मी दोनदा वाचला. माझ्या दुरुस्त्या समितीच्या समासात मावणाऱ्या नाहीत, म्हणून त्या इथे मांडते. इंदूरच्या एका घरातले भांडण सीमाभागातल्या वाचकांनी का वाचावे, असे कुणी विचारील. पण हाच मसुदा बेळगावात, बिदरात, बऱ्हाणपुरात किंवा बडोद्यात लिहिला गेला असता, तरी त्याची पाने अशीच पडली असती याची मला खात्री आहे. राजाचे नाव बदलायचे, नदीचे नाव बदलायचे, की झाले.

पानांची वाटणीच पाहा ना. मूळ पुरुष कोकणातून घाटावर कसा चढला, मल्हारराव होळकरांच्या मागोमाग माळव्यात कसा उतरला, अहिल्याबाईंच्या काळात महेश्वरी कुणी कोणती वही सांभाळली, १८१७ साली महिदपूरच्या लढाईत कोण जखमी झाला आणि पुढच्या वर्षी मंदसोरचा तह झाल्यावर कुणाची नेमणूक टिकली, याला ७८ पाने. ‘महाराजांच्या कृपाछत्राखाली’ या प्रकरणाला २६. शेवटी वंशावळीला २५. आणि १९४८ पासून आजपर्यंतच्या पाऊणशे वर्षांना, ज्यांत आमच्यापैकी प्रत्येकजण जन्मला, शिकला, पोटाला लागला, त्यांना अकरा! या अकरा पानांच्या प्रकरणाचे नाव ‘संक्रमणकाळ’. त्यात माझ्या वडिलांचा उल्लेख एका वाक्यात आहे: ‘काही मंडळींनी लघुउद्योगातही नशीब अजमावले.’

सांवेर रोड हा शब्द १४० पानांत एकदाही नाही.

ज्यांनी इंदूर पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगते. शहराच्या उत्तरेला बाणगंगेच्या पुढे उज्जैनकडे जाणारा रस्ता म्हणजे सांवेर रोड. दोन्ही अंगांना औद्योगिक वसाहतीचे सेक्टर, त्यांत पत्र्याच्या आणि सिमेंटच्या शेडी. औषधाच्या गोळ्या, प्लॅस्टिकचे पाइप, बिस्किटे, नमकीन, रंग, लोखंडाचे सुटे भाग. तिथे पाहुण्याला दाखवण्यासारखे काही नाही. राजवाड्याचे, लालबागचे फोटो दिनदर्शिकेवर येतात. सांवेर रोडचा फोटो वर्तमानपत्रात येतो तो आग लागली तर. बेळगावकरांनी आपली उद्यमबाग डोळ्यांपुढे आणावी, म्हणजे कल्पना येईल.

आता मुद्द्याला येते. आमच्या घराण्याची भरभराट दरबारामुळे झाली आणि विलिनीकरणामुळे ओसरली, असे मसुदा सांगतो. हे खोटे आहे, आणि समितीला ते खोटे असल्याचे ठाऊक आहे, कारण वाड्याच्या दुसऱ्या मजल्याच्या तुळईवर शके १८६६ कोरलेले आम्ही सगळ्यांनी लहानपणी बोटाने गिरवले आहे. शके १८६६ म्हणजे १९४४. त्या साली आजोबा हुजूर कचेरीत कारकून होते आणि त्यांचा पगार साठ रुपयांच्या आत होता. साठ रुपयांत दुसरा मजला चढत नाही, सागवानी तर नाहीच नाही. तो चढवला धाकट्या आजोबांनी. ते गिरणीत होते.

गिरणी! हा शब्द आमच्या घरात हलक्या आवाजात उच्चारला जाई. होळकरांच्या इंदुरात कापडगिरणी तुकोजीराव दुसऱ्यांच्याच काळात आली होती. पुढे विसाव्या शतकात मालवा, हुकुमचंद, कल्याणमल, राजकुमार, स्वदेशी, भंडारी अशा गिरण्या उभ्या राहिल्या, आणि इंदूरला संस्थानी दिमाखाबरोबर भोंग्यांवर उठणारे शहर ही दुसरी ओळख मिळाली. धाकटे आजोबा अशाच एका गिरणीत विणाईखात्यात चिकटले, तेव्हा थोरल्या आजोबांनी म्हणे दोन महिने त्यांच्याशी बोलणे टाकले होते. मग १९३९ साली युद्ध लागले. सैन्याला कापड हवे, तंबू हवेत, बाहेरून येणारा माल आटला, आणि देशभरातल्या गिरण्यांप्रमाणे इंदूरच्या गिरण्याही पाळीमागून पाळी चालू लागल्या. कापडाचे भाव इतके चढले की १९४३ च्या जूनमध्ये हिंदुस्थान सरकारला कापड आणि सूत यांवर नियंत्रणाचा हुकूम काढावा लागला. ताग्यावर किंमत छापून येऊ लागली. बाहेर बायका एका लुगड्यासाठी रांगेत उभ्या, आणि गिरणीत काम करणाऱ्याच्या हाती बोनस. आमच्या वाड्याचा दुसरा मजला त्या बोनसचा आहे. धाकट्या आजोबांनी आणखी काही वाटेने कापड बाहेर काढून विकले की काय, हे विचारण्याची आमच्या घरात पद्धत नव्हती. समितीनेही ती पाडलेली नाही.

याच प्रकरणात क्रिकेटला मात्र दीड पान आहे. होळकर संघाने १९४५-४६ पासून १९५२-५३ पर्यंत चार वेळा रणजी करंडक जिंकला, सी. के. नायडू कर्णधार, मुश्ताक अली, सरवटे, निंबाळकर, जगदाळे ही नावे. १९४५ च्या अंतिम सामन्यात कॉम्पटनने मुंबईविरुद्ध २४९ नाबाद काढूनही होळकर हरले, तेही आहे. मला यात काही गैर वाटत नाही, आमच्या काकांनी तो सामना इतक्या वेळा सांगितला की मीही तो पाहिला असे मला वाटते. पण ज्या शहरात सामने रंगत होते तिथे रात्रपाळीचे साचे चालू होते, आणि घराण्यातला एक माणूस त्या साच्यांपाशी उभा होता, त्याला दीड ओळही नसावी?

१९४८ च्या मे महिन्यात मध्यभारत झाले. १९५१ साली जहागिरी गेल्या. १ नोव्हेंबर १९५६ ला मध्यप्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. मसुद्यात या तीन तारखांना सुतकाची कळा आहे. माझा साधा प्रश्न आहे: आपले नेमके काय गेले? ज्यांच्या जहागिरी होत्या त्यांच्या गेल्या. आपली एक इनामी विहीर आणि तिच्याभोवतीची दोन-तीन बिघे जमीन, तिचाही वाद चार पिढ्या चाललेला. आजोबांना नव्या सरकारात सामावून घेतले, पेन्शन मिळाली, ती त्यांनी एकवीस वर्षे घेतली. आजीला मत मिळाले. ती दर निवडणुकीला नऊवारी नेसून, नथ घालून मत द्यायला जाई आणि कुणाला दिले ते आजोबांना सांगत नसे. १९६२ साली इंदुरातून कामगारांचे पुढारी होमी दाजी लोकसभेवर निवडून आले तेव्हा आजोबा संतापले आणि आजी देवघरात जाऊन बसली. तिने मत कुणाला दिले असेल ते आम्ही नंतर ओळखले.

आमचे गेले ते एवढेच की रस्त्याने जाताना मुजरा करणारी माणसे कमी झाली.

त्याच सुमारास इंदुरात सिंधी निर्वासित आले होते. त्यांचे खरोखर सारे गेले होते, घर, जमीन, गाव, नदी. दहा वर्षांत त्यांची दुकाने उभी राहिली. आमची मंडळी ओसरीवर बसून त्यांच्या मराठी उच्चारांना हसत होती. मी इथे कुणाला उणे-अधिक ठरवत नाही. सगळेच सिंधी दुकानदार झाले नाहीत आणि सगळेच मराठी ओसरीवर बसले नाहीत. पण बसलेल्यांचाच इतिहास छापायचा, उठून गेलेल्यांना ‘काही मंडळी’ म्हणायचे, हा कुठला न्याय?

मसुद्यातला दुसरा मोठा हुंदका हिंदीबद्दल आहे. हिंदीने आपल्याला गिळले, असे पान ११० वर आहे. सीमाभागातल्या वाचकांची गोष्ट वेगळी आहे, हे मी आधीच कबूल करते. तुमच्याकडे पाटी कोणत्या भाषेत असावी यावरून लाठ्या खाल्लेल्या आहेत. इंदुरात मराठीवर कुणी लाठी उगारली नाही. उलट या शहराने दोन्ही भाषांना एकाच ओसरीवर बसवले. १९१७ साली इंदुरात मराठी साहित्य संमेलन भरले, अध्यक्ष गणेश जनार्दन आगाशे. दुसऱ्याच वर्षी, १९१८ ला, तिथेच हिंदी साहित्य संमेलन भरले, अध्यक्ष महात्मा गांधी. १९३५ साली तर दोन्ही संमेलने इंदुरातच: मराठीचे अध्यक्ष औंधचे पंतप्रतिनिधी, हिंदीचे पुन्हा गांधीजी. २००१ साली विजया राजाध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली मराठी संमेलन परत आले, तेव्हाही गावाने पाहुण्यांना पोहे-जिलबीच दिली. होळकर कॉलेजात शिकलेले गजानन माधव मुक्तिबोध मराठी घरातले, ते हिंदीचे थोर कवी झाले. त्यांचे भाऊ शरच्चंद्र मराठीचे. एका आईच्या पोटचे दोघे, दोन भाषांत मोठे. इंदूरच्या ‘नई दुनिया’ला नाव मिळवून देणारे संपादक राहुल बारपुते हेही मराठीच. यांना कुणी गिळले म्हणायचे?

आमच्या घरात मराठी कमी झाली ती हिंदीमुळे नव्हे. हिंदी तर दादा दिवसभर शेडवर बोलत आणि घरी येऊन मराठी वर्तमानपत्र वाचत. मराठी कमी झाली ती आम्ही नातवंडांना इंग्रजी शाळेत घातले आणि घरातही त्यांच्याशी तिथलीच भाषा बोलू लागलो तेव्हा. तो निर्णय कोणत्या सरकारने घेतला? समितीतल्या एका भावाच्या मुलाने मसुद्याची प्रस्तावना इंग्रजीत भाषांतर करून मागितली आहे, कारण त्याच्या मुलांना ती वाचता येणार नाही. हे पान ११० वर यायला हरकत नव्हती.

आता सांवेर रोडकडे वळते, कारण तिथे मला जास्त थांबायचे आहे.

दादांची नोकरी राजधानीबरोबर भोपाळला जायची होती. ते गेले नाहीत. काही वर्षे एका गिरणीच्या वर्कशॉपमध्ये काढली, तिथे लेथ शिकले, आणि सत्तरीच्या दशकात धाकटे काका आणि आत्या यांच्याबरोबर भागीदारीत सांवेर रोडवर भाडेपट्ट्याचा प्लॉट घेऊन शेड टाकली. सहा आणे दादांचे, सहा काकांचे, चार आत्याचे. दोन जुनी लेथ यंत्रे, एक ड्रिल, एक ग्राइंडर. साच्यांना लागणारे बुश, स्पिंडल, दातेरी चाके करून गिरण्यांना पुरवायची. घराण्यात याला ‘लोहारकाम’ म्हणत. लग्नाच्या पत्रिकेत दादांच्या नावापुढे काय लिहावे याचा घोळ होई. शेवटी ‘उद्योजक’ हा शब्द सापडला आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

पहिले खरादी बऱ्हाणपूरचे. आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. त्यांचे मराठी माझ्या भावापेक्षा चांगले होते, खानदेशी वळणाचे, गोड. फिटर खरगोणकडचा, निमाडी बोलणारा. एक हेल्पर पूर्वांचलचा. दादा चौघांशी चार बोलींत बोलत आणि शिवी मात्र मराठीत देत, कारण ती कुणाला नीट कळत नसे. शेडमध्ये विश्वकर्म्याची पूजा होई, गणपती बसे, ईदला चाचांची सुटी असे आणि दुसऱ्या दिवशी शेवया येत. बेळगावचे, सोलापूरचे, बिदरचे वाचक म्हणतील, यात नवे काय? नवे काही नाही. आपल्या द्वैभाषिक मुलखातली माणसे एकमेकांच्या भाषा शिकली ती अशाच जागी शिकली, आणि नेमकी हीच जागा आपल्या गाथांतून गाळली जाते.

या शेडच्या पैशाचे पुढे काय झाले, त्याचा हिशेब आत्याच्या वह्यांत आहे आणि त्या वह्या माझ्याकडे आहेत. ‘वाडा दुरुस्ती, नैऋत्येचा कोपरा.’ ‘थोरल्यांचे ऑपरेशन.’ १९७९ सालच्या वहीत ‘विमान तिकीट, न्यूयॉर्क’ अशी नोंद आहे. ते तिकीट ज्यांचे, ते आज समितीचे अध्यक्ष आहेत. तिकिटापुढे आत्याने कंसात लिहिले आहे, ‘बुश ११०० नगांच्या बिलातून’. मसुद्यात मात्र ते ‘स्वकर्तृत्वावर’ अमेरिकेला गेले. कर्तृत्व त्यांचे आहेच, ते मी नाकारत नाही. विमान मात्र बुशांवर उडाले.

आत्या सतराव्या वर्षी लग्न होऊन खांडव्याला गेली आणि चोविसाव्या वर्षी, १९५४ साली, एका मुलीला घेऊन परत आली. वाड्यातल्या मागच्या खोलीत राहिली. मॅट्रिक बाहेरून झाली. शेड निघाली तेव्हा हिशेब ठेवायला बाहेरचा माणूस परवडत नव्हता, म्हणून तिला बसवले. बसवल्यावर कळले की बाहेरचा माणूस हे काम इतके नीट करूच शकला नसता. राजवाड्यावरून टेम्पोने बाणगंगा, तिथून पायी. बाईमाणूस सांवेर रोडवर जाते म्हणून वाड्यात कुजबूज झाली. ती वीस वर्षे गेली.

१९९१-९२ च्या हिवाळ्यात हुकुमचंद गिरणी बंद पडली. काही गिरण्या १९७४ सालीच राष्ट्रीयीकरणात गेल्या होत्या, त्याही पुढच्या दहा-बारा वर्षांत थंडावल्या. आमची उधारी एका गिरणीकडे अडकली ती बुडालीच. दादा खचले. काका म्हणाले, शेड विका. आत्याने त्या आठवड्यात सराफ्यापासून छप्पन दुकानांपर्यंत ओळखीच्या नमकीनवाल्यांकडे चक्कर मारली आणि येऊन सांगितले की शेवेच्या यंत्राच्या जाळ्या बाहेरगावाहून येतात आणि लवकर झिजतात. तिला भोकांची मापे तोंडपाठ होती. आयुष्यभर घरी शेव पाडली होती. रतलामीला जाड, उज्जैनीला बारीक, उपासाच्या बटाट्याच्या शेवेला आणखी वेगळे. चाचांनी पहिली जाळी पितळेची केली, ती वाकली; मग स्टीलची केली. पुढे औषधांच्या कारखान्यांचे डाय-पंच घासून द्यायचे काम मिळाले, पिथमपूरच्या मोटारींच्या कारखान्यांतून फुटकळ जॉबवर्क आले, आणि शेड तगली. इंदूरची शेव जगभर जाते. तिच्यातली काही आमच्या आत्याने सांगितलेल्या मापाच्या भोकातून गेली आहे, आणि ही गोष्ट महिदपूरच्या जखमेपेक्षा मला कमी वाटत नाही.

त्याच वर्षी वाड्याची वाटणी झाली. मुलींनी हक्कत्यागाच्या कागदावर सह्या करायच्या, अशी रीत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या मिळकतीत मुलीला वाटा दिला होता. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्माने समान हक्क मिळायला २००५ ची दुरुस्ती यावी लागली. पण कायदा काय म्हणतो ते आमच्या ओसरीवर कुणी वाचून दाखवले नाही. आत्याने वाड्यावरचा हक्क सोडला, आणि त्याच बैठकीत शेडमधल्या चार आण्यांवरही तिची सही घेतली गेली. ‘तुला कुठे संसार आहे?’ हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकले. तिची मुलगी तेव्हा खांडव्याला दोन मुले सांभाळत होती. मसुद्यात पान १०७ वर आहे: ‘आत्यांनी आपला वाटा भावांना प्रेमाने दिला.’ वंशावळीत तिचे नाव कंसात, बारीक टाइपात, आणि तिच्या मुलीचे नाव नाही, कारण ‘मुलीची शाखा पुढे दाखवायची नाही’ असा समितीचा नियम आहे. त्या नियमाने मीही कंसात आहे.

माझा आणखी एक आक्षेप घराण्याबाहेरचा आहे. मसुद्याच्या परिशिष्टात ‘माळव्यातील थोर महाराष्ट्रीय’ अशी यादी दिली आहे. सरदार, दिवाण, गवई, चित्रकार. लता मंगेशकर इंदुरात जन्मल्या म्हणून त्या आहेत, नारायण श्रीधर बेंद्रे आहेत, आणि ते योग्यच आहे. पण इंदुराहून तासाभराच्या अंतरावर महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी एका मराठी सुभेदाराच्या घरी जे मूल जन्मले, ते बाबासाहेब आंबेडकर यादीत नाहीत. कोकणातून लष्कराबरोबर माळव्यात आलेले ते कुटुंब. आमचा मूळ पुरुषही कोकणातून लष्कराबरोबरच आला होता. मग यादीत एकाला जागा का आणि दुसऱ्याला का नाही? मी विचारले, तर ‘जागेअभावी’ असे उत्तर आले. जागेअभावी! क्रिकेटला दीड पान आहे.

खानदेशातून, वऱ्हाडातून आलेले गिरणीकामगारही याच शहरात मराठी बोलत होते. त्यांच्या चाळींत आमची मंडळी जात नसत. अनंत चतुर्दशीला रात्रभर इंदुरात झांक्या निघतात, त्या गिरणीकामगारांनी चालू केल्या; हुकुमचंदच्या झांकीने शंभरी गाठली. गिरण्या बंद पडल्या, भोंगे गेले, तरी वर्गणी मागून कामगारांनी झांकी बंद होऊ दिली नाही. आज त्या रस्त्यावर उभे राहून पाहणारे बहुतेक लोक हिंदी बोलतात. आमच्या वाड्यातला गणपती दाराआड बसला आणि वाड्याबरोबर गेला. मराठीपण कुणी पुढे नेले, ते वाचकांनीच ठरवावे. हुकुमचंदच्या कामगारांची देणी मिळायला तर २०२३ चा डिसेंबर उजाडावा लागला: ४,८०० कामगार, २२४ कोटी रुपये, तीस वर्षांहून अधिक काळ. वाट पाहणाऱ्यांपैकी किती तरी तोवर गेले होते आणि पैसे विधवांच्या, नातवंडांच्या हाती पडले.

सांवेर रोडची मला आरती ओवाळायची नाही. तिथल्या कारखान्यांचे सांडपाणी वर्षानुवर्षे कान्ह नदीत गेले, आणि ती कान्ह उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते. २०१६ च्या सिंहस्थासाठी तिचे पाणी नळातून वळवून क्षिप्रेपासून दूर न्यावे लागले. आमचे जे भाऊबंद सांवेर रोडचे नाव घ्यायला लाजतात ते त्याच क्षिप्रेत बुडी मारून आले. तिथे मजुरी कमी होती, बोटे तुटली, विमे नव्हते. हेही छापा. कुलवृत्तांत म्हणजे सत्कार समारंभाचे मानपत्र नव्हे, त्यात घराने काय कमावले, कशातून कमावले आणि कुणाच्या अंगावर कमावले, तिन्ही यावे.

पण समितीची घाई वेगळ्या कारणाने आहे. दादा गेले, काका गेले, शेड गेली सहा वर्षे बंद आहे. शहर वाढत वाढत तिथवर पोचले, प्लॉटला भाव आला. शेडचे हस्तांतर करायचे, आणि त्या रकमेतला काही भाग काढून हा ग्रंथ आर्ट पेपरवर, रंगीत छायाचित्रांसह छापायचा, असा ठराव झाला आहे. म्हणजे ज्या शेडचे नाव पुस्तकात नको, तिच्याच पैशाने पुस्तक! हा योग आमच्या घराण्याच्याच वाट्याला यावा. हस्तांतराला सर्व वारसांच्या सह्या लागतात. काकांच्या मुलांच्या झाल्या, माझ्या भावाची पुण्याहून आली. माझी राहिली आहे, आणि रोज एक फोन येतो आहे. ‘ताई, तू शिकलेली आहेस, तू तरी समजून घे’ असा सूर असतो.

मी समजून घेतले आहे. समितीला मी लेखी कळवले आहे ते असे. एक, आत्याचे चार आणे १९९२ साली ज्या कागदाने गेले, तो कायद्याने टिको न टिको, त्या चार आण्यांइतकी रक्कम खांडव्याच्या आतेबहिणीच्या नावे आधी जमा व्हावी. मग मी सही करीन. दोन, ‘संक्रमणकाळ’ हे प्रकरण काढून त्या जागी आत्याच्या वह्यांतल्या नोंदी तारखेवार छापाव्यात, १९७९ च्या तिकिटासकट. तीन, चाचांचे नाव, ते घराण्यातले नाहीत हे माहीत असूनही.

अमेरिकेहून अध्यक्षांचे उत्तर आले आहे. पहिल्या मागणीवर वकिलांचा सल्ला घेऊ म्हणतात. तिसरी त्यांनी एका ओळीत नाकारली. दुसरीबद्दल लिहिले आहे की वह्यांची भाषा फार घरगुती आहे, आणि जाळीच्या भोकांची मापे वाचण्यात पुढच्या पिढीला काय रस असणार. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी इंदुरात बैठक आहे. आतेबहीण खांडव्याहून सकाळच्या गाडीने येते आहे, आणि वह्या मी पिशवीत भरून ठेवल्या आहेत, एकोणीस आहेत.